नफा काढून टाकला, तरी हप्ता का उतरत नाही?

अमेरिकेत मालकाकडून नोकरदाराला मिळणाऱ्या कौटुंबिक आरोग्य विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २०२४ साली २५,५७२ डॉलर होता. रुपयांत तेव्हा साधारण एकवीस लाख. त्यातले ६,२९६ डॉलर कामगाराच्या पगारातून कापले गेले आणि उरलेले मालकाने भरले. पण मालकाने भरले म्हणजे ते फुकट आले असे नव्हे. जी पगारवाढ हातात पडायची ती विम्याच्या हप्त्यात गेली, एवढाच त्याचा अर्थ. इतके भरूनही आजारी पडल्यावर पहिले हजार-दोन हजार डॉलर रुग्णाने स्वतःच्या खिशातून घालायचे आणि त्यानंतर विमा सुरू व्हायचा, ही तिथली सर्रास पद्धत आहे. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात राहणारे मराठी कुटुंब सुटीवर पुण्याला आले की दात आणि डोळे दाखवून घेऊन जाते, त्यामागे हेच गणित असते.

हा आकडा ऐकून चिडलेला माणूस पहिले बोट ठेवतो ते विमा कंपनीच्या नफ्यावर. ते चूक नाही. आजारी माणसाच्या पैशातून भागधारकांना लाभांश द्यायचा ही गोष्ट कुणालाही टोचते. पण अमेरिकेतच नफ्यासाठी न चालणाऱ्या विमा संस्था आहेत, आणि त्या कुठल्या कोपऱ्यातले प्रयोग नाहीत. जवळजवळ शंभर वर्षे जुन्या, एकेका राज्यापुरत्या किंवा शहरापुरत्या, काही ठिकाणी निम्म्याहून अधिक लोकसंख्येचा विमा सांभाळणाऱ्या. मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट, ऱ्होड आयलंड, पेनसिल्व्हेनियाचा पश्चिम भाग, न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग, सगळीकडे त्यांचेच राज्य आहे. त्यांच्या हिशेबात भागधारक नाही, लाभांश नाही. मग त्यांच्या सभासदांना उपचार परवडायला हवे होते. तसे झालेले नाही. का झाले नाही, याचा आढावा घेतला तर विम्याबद्दलच्या आपल्या बऱ्याच समजुती तपासाव्या लागतात.

या संस्थांचे मूळ टेक्सासमधल्या डॅलस शहरात आहे. १९२९ साली बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचा कारभार जस्टिन फोर्ड किंबल यांच्याकडे आला. ते आधी डॅलसच्या शाळांचे अधीक्षक होते. रुग्णालयाची थकबाकीची खातेवही चाळताना त्यांना ओळखीची नावे दिसू लागली: शिक्षकांची. त्यांनी योजना काढली की शिक्षकाने महिन्याला पन्नास सेंट भरावेत आणि गरज पडल्यास वर्षाला एकवीस दिवस रुग्णालयात राहावे, बिल येणार नाही. हजाराहून अधिक शिक्षक सामील झाले. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला, मंदी आली, देशभरची रुग्णालये ओस पडू लागली, आणि डॅलसची कल्पना गावोगावी उचलली गेली. १९३४ साली मिनेसोटातल्या सेंट पॉल इथल्या योजनेने आपल्या जाहिरातीवर निळा क्रॉस छापला आणि तेच पुढे सगळ्यांचे नाव झाले: ब्लू क्रॉस. डॉक्टरांच्या फीसाठी १९३९ पासून कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या योजनांना ब्लू शील्ड म्हणू लागले. न्यूयॉर्कने १९३४ साली या संस्थांसाठी वेगळा कायदा केला, इतर राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला. त्या नफा कमावणार नाहीत, त्या बदल्यात त्यांना कर माफ, असा तो व्यवहार होता.

या जन्मकथेतली एक बाब नीट लक्षात ठेवायला हवी. या योजना रुग्णांनी एकत्र येऊन काढल्या नव्हत्या. रुग्णालयांनी काढल्या होत्या, आपल्या रिकाम्या खाटा भरण्यासाठी आणि थकलेली बिले वसूल होण्यासाठी. कित्येक वर्षे त्यांच्या संचालक मंडळांवर रुग्णालयांचीच माणसे असत, आणि अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशन व ब्लू क्रॉस यांचे औपचारिक नाते १९७० च्या दशकापर्यंत टिकून होते. रुग्णालय जो खर्च दाखवील तो भरून द्यायचा, ही रीत त्यातून पडली. पैसे देणाऱ्याने घेणाऱ्याला दर विचारायचा नाही हा संकोच या संस्थांच्या हाडीमाशी तेव्हापासून मुरला. पुढच्या साऱ्या अडचणींचे बीज मला तिथे दिसते.

पण त्यांनी एक मोठी गोष्टही दिली, आणि ती आज विसरली गेली आहे. सगळ्यांना एकच दर. गावात किंवा राज्यात राहणारा तरुण असो की म्हातारा, धडधाकट असो की मधुमेही, गिरणीतला असो की बँकेतला, हप्ता सारखाच. जोखीम एका माणसाची मोजायची नाही, साऱ्या वस्तीची मोजायची. वीसेक वर्षे हे चालले. मग खासगी विमा कंपन्या या धंद्यात उतरल्या. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगार गोठवले, पण विम्यासारख्या सवलती मोकळ्या ठेवल्या. त्यामुळे माणसे टिकवायची तर मालकांना विमा देण्यावाचून दुसरा मार्ग उरला नाही. १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेला हप्ता कामगाराच्या उत्पन्नात धरायचा नाही हेही पक्के केले. खासगी कंपन्यांना तयार बाजार मिळाला. त्यांनी तरुण कामगारांचे कारखाने हेरले आणि त्यांना सांगितले की तुमच्याकडे आजारपण कमी, तुम्ही इतरांचा भार का वाहता, आम्ही तुमच्यापुरता स्वस्त दर देतो. मालक तिकडे गेले. ब्लू क्रॉसकडे उरले ते जास्त आजारी, जास्त वयाचे. त्यांचा सरासरी खर्च वाढला, म्हणून हप्ता वाढला, म्हणून आणखी निरोगी माणसे निघून गेली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला खासगी कंपन्यांचे सभासद जास्त झाले, आणि एकामागून एक ब्लू क्रॉस योजनांनीही माणूस पाहून दर लावायला सुरुवात केली. १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड हे सरकारी कार्यक्रम आले, ते या गळतीतून बाहेर फेकल्या गेलेल्यांसाठीच.

निरोगी माणूस बाहेर राहू शकत असेल तर परस्पर मदतीवर उभा असलेला कुठलाही विमा टिकत नाही, हे ओळखायला अमेरिकेलाच जायला हवे असे नाही. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने १९८० च्या सुमारास आसपासच्या गावांसाठी आरोग्य विमा योजना सुरू केली. सुगी झाली की घराघरातून ज्वारी जमा करायची, ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यायची. आणि अट अशी की गावातली निदान तीन चतुर्थांश घरे आली तरच त्या गावाला योजना लागू. या एका अटीत जे शहाणपण आहे ते ब्लू क्रॉसला राखता आले नाही. सेवाग्रामला आणखी एक सोय होती. विमा उतरवणारी आणि उपचार करणारी संस्था एकच होती, त्यामुळे दर कुणी ठरवायचा यावरून भांडण उद्भवतच नव्हते.

अमेरिकेत याच्या जवळपास जाणारे एक शहर होऊन गेले: न्यूयॉर्क राज्यातले रॉचेस्टर. तिथे ईस्टमन कोडॅक कंपनी होती आणि तिचे खजिनदार मॅरियन फॉल्सम होते. सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या आखणीत त्यांचा हात होता, आणि अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या मंत्रिमंडळात ते १९५५ ते १९५८ या काळात आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याचे मंत्री होते. कोडॅकसारख्या कंपनीला खासगी विमा कंपनीने स्वस्त दर आनंदाने दिला असता. तरी कोडॅक ब्लू क्रॉससोबत राहिली, आणि कोडॅक राहिली म्हणून शहरातले बाकीचे मालकही राहिले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला आणि कोडॅकला विम्याचा दर सारखा पडत असे. त्याच वेळी रुग्णालयांना देणग्या देणाऱ्या या मालकांनी बजावले की प्रत्येकाने आपापली नवी इमारत आणि नवे यंत्र घ्यायचे नाही, साऱ्या शहराला किती खाटा लागतात ते आधी एकत्र बसून ठरवायचे. १९८० पासून काही वर्षे तर शहर व परिसरातल्या नऊ रुग्णालयांनी मिळून वर्षाच्या एकूण खर्चावर मर्यादा मान्य केली होती. त्या मर्यादेत भागवायचे, जास्त तपासण्या केल्या म्हणून जास्त पैसे मिळणार नाहीत. रॉचेस्टरचा आरोग्यखर्च देशाच्या आणि राज्याच्या सरासरीहून बराच कमी राहिला, विमा नसलेली माणसेही कमी होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अध्यक्ष क्लिंटन यांच्या आरोग्य सुधारणांची चर्चा चालू असताना लोक रॉचेस्टरचे उदाहरण देत.

मग ते मोडले. त्यात कुणी खलनायक नव्हता. १९८० च्या दशकाच्या आरंभी कोडॅकची रॉचेस्टरमध्ये साठ हजार माणसे कामाला होती, पुढे कंपनी आकसत गेली आणि २०१२ साली तिने दिवाळखोरी जाहीर केली. शहराला धाक घालू शकणारा मालक राहिला नाही. रुग्णालये एकमेकांत विलीन होऊन दोन मोठे समूह झाले. रॉचेस्टरची ब्लू क्रॉस शेजारच्या शहरांतल्या योजनांशी एक होऊन एक्सेलस झाली. ती आजही नफ्यासाठी चालत नाही. पण रॉचेस्टरला जे साधले होते ते त्या नफा नसण्यामुळे साधलेच नव्हते. सगळे एका दरात बांधलेले होते आणि रुग्णालयांच्या एकूण खर्चाला वरून झाकण होते, म्हणून साधले होते. ते दोन्ही गेले तेव्हा ना-नफा हा शब्द जागेवर होता आणि हप्ते इतर ठिकाणांसारखे चढत होते.

राष्ट्रीय पातळीवर दरम्यान जे घडले ते थोडक्यात सांगता येते. १९८६ च्या करसुधारणेत अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ब्लू क्रॉस संस्थांची केंद्रीय करमाफी काढून घेतली. त्या खासगी कंपन्यांसारख्याच वागत असतील तर सवलत कशाला, हा युक्तिवाद होता आणि तो खोडून काढणे अवघड होते. १९९४ साली ब्लू क्रॉसच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या घटक संस्थांना नफ्याच्या कंपन्या होण्याची मुभा दिली. कॅलिफोर्नियाची ब्लू क्रॉस त्या वाटेने गेली, वेलपॉइंट झाली, पुढे अँथममध्ये मिसळली, आणि आज एलिव्हन्स या नावाने देशातल्या सर्वांत मोठ्या विमा कंपन्यांत आहे. लोकांच्या वर्गणीतून आणि करमाफीतून साठलेली मालमत्ता कुणाची, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. कॅलिफोर्नियात १९९६ साली त्या पैशातून दोन मोठ्या धर्मादाय निधिसंस्था स्थापन झाल्या. न्यूयॉर्कमध्ये २००२ साली एम्पायर ब्लू क्रॉसचे नफ्याच्या कंपनीत रूपांतर झाले तेव्हा बहुतेक रक्कम राज्य सरकारने घेतली आणि रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या पगारवाढीला वापरली. काही राज्यांनी मात्र वाट अडवली. २००२ साली कॅन्ससच्या विमा आयुक्त कॅथलीन सेबेलियस यांनी तिथल्या ब्लू क्रॉसची विक्री नाकारली, आणि पुढच्या वर्षी मेरीलँडचे आयुक्त स्टीव्हन लार्सन यांनी केअरफर्स्ट या तिथल्या ब्लू क्रॉसची. विक्री झाल्यावर अधिकाऱ्यांना मिळणार असलेल्या मोठ्या बक्षिसांची मेरीलँडच्या सुनावणीत बरीच चर्चा झाली होती.

या रूपांतरांनी काय बदलले ते अर्थशास्त्रज्ञ लीमोर डॅफ्नी यांनी तपासले आणि २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जिथे रूपांतरित झालेल्या संस्थेचा बाजारातला हिस्सा मोठा होता तिथे हप्ते तेरा टक्क्यांच्या आसपास वाढले, आणि तिच्या प्रतिस्पर्ध्यांनीही आपले दर चढवले. जिथे हिस्सा लहान होता तिथे फारसा फरक पडला नाही. म्हणजे ना-नफा असण्याला किंमत आहे. मोठी, जुनी, प्रादेशिक संस्था आपल्या ताकदीचा पुरेपूर मोबदला सभासदांकडून उकळत नाही. ती विकली गेली की नवा मालक तो उकळतो. ही संस्था हातातून जाऊ देऊ नये असे म्हणायला एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो. पण जो चढ आधीपासूनच चालू आहे तो तिच्याच्याने थांबत नाही. विमा कंपनीचा नफा जमा हप्त्याच्या शंभरात पाच-सहाच्या पुढे क्वचितच जातो. तो सगळा पुसून टाकला तरी सवलत एकदाच मिळते, आणि वर्ष-दोन वर्षांच्या भाववाढीत ती विरून जाते.

बाकीचे चौऱ्याण्णव-पंचाण्णव जातात कुठे? थोडे कारभारावर, बहुतेक उपचारांवर. २०१० च्या आरोग्य सुधारणा कायद्याने, ज्याला ओबामाकेअर म्हणतात, तशी सक्तीच केली आहे: वैयक्तिक आणि छोट्या मालकांच्या विम्यात हप्त्याचे किमान ८० टक्के आणि मोठ्या मालकांच्या विम्यात ८५ टक्के उपचारांवर खर्च व्हायलाच हवेत. आणि उपचार म्हटले की सर्वांत मोठा वाटा रुग्णालयांचा. प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ सालीच दाखवले होते की अमेरिकन माणूस इतर श्रीमंत देशांतल्या माणसापेक्षा जास्त वेळा डॉक्टरकडे जात नाही, रुग्णालयात जास्त दिवस राहत नाही. त्याच गोष्टीची तो जास्त किंमत मोजतो. रँड संस्थेच्या अभ्यासानुसार २०२२ साली खासगी विम्याने रुग्णालयांना दिलेले दर मेडिकेअरच्या दरांच्या सरासरी २५४ टक्के होते. गुडघ्याच्या त्याच शस्त्रक्रियेला सरकार शंभर देत असेल तर खासगी विमा अडीचशेहून जास्त देतो.

मग ना-नफा विमा संस्था रुग्णालयांशी घासाघीस का करत नाही? करते, आणि हरते. ती कशी हरते हे बॉस्टनमध्ये नीट दिसले. मॅसॅच्युसेट्समधल्या तेव्हाच्या तिन्ही मोठ्या विमा संस्था, ब्लू क्रॉस, हार्वर्ड पिलग्रिम आणि टफ्ट्स, नफ्यासाठी न चालणाऱ्या. समोर पार्टनर्स हेल्थकेअर, मॅसॅच्युसेट्स जनरल आणि ब्रिगहॅम या दोन नामांकित रुग्णालयांनी १९९४ साली एकत्र येऊन केलेला समूह, तोही ना-नफाच. २००० साली टफ्ट्सने पार्टनर्सने मागितलेली वाढ नाकारली. पार्टनर्सने सांगितले की मग तुमचे सभासद आमच्याकडे घेणार नाही. आपला डॉक्टर सुटणार हे कळताच सभासद आणि मालक खवळले आणि टफ्ट्सला थोड्याच दिवसांत माघार घ्यावी लागली. हार्वर्ड पिलग्रिम त्याच वर्षी तोट्यात बुडून राज्याच्या ताब्यात गेली होती, तिच्यात लढायचे त्राण नव्हते. ब्लू क्रॉस आणि पार्टनर्स यांच्या प्रमुखांनी त्याच साली एक अलिखित समजूत केली, असे बॉस्टन ग्लोबच्या शोधपथकाने २००८ साली छापले: ब्लू क्रॉस मोठी वाढ देईल, आणि पार्टनर्स इतर विमा संस्थांकडूनही तेवढीच वाढ वसूल करील, म्हणजे ब्लू क्रॉस स्पर्धेत मागे पडणार नाही. २०१० साली राज्याच्या ॲटर्नी जनरल मार्था कोकली यांच्या कार्यालयाने दरांची छाननी केली. एकाच उपचारासाठी एका रुग्णालयाला दुसऱ्याच्या कितीतरी पट का मिळते, याचे स्पष्टीकरण गुणवत्तेत सापडले नाही, रुग्णांच्या आजाराच्या गांभीर्यात सापडले नाही, अध्यापनाच्या खर्चातही सापडले नाही. ते बाजारातल्या दबदब्यात सापडले.

पिट्सबर्गमध्ये तर हे भांडण उघड्या रस्त्यावर आले. एका बाजूला हायमार्क, म्हणजे तिथली ब्लू क्रॉस ब्लू शील्ड. दुसऱ्या बाजूला यूपीएमसी, पिट्सबर्ग विद्यापीठाच्या रुग्णालयांपासून वाढलेला समूह, पेनसिल्व्हेनियातला सर्वांत मोठा बिगरसरकारी मालक, आणि त्याची स्वतःची विमा योजनाही आहे. दोन्ही ना-नफा. रुग्णालयाची दादागिरी मोडायची म्हणून हायमार्कने डबघाईला आलेला वेस्ट पेन ॲलेगेनी हा रुग्णालयसमूह विकत घ्यायचे ठरवले. २०११ साली यूपीएमसीने सांगितले की तुम्ही आमचे प्रतिस्पर्धी होणार असाल तर तुमच्याशी करार नाही. पुढची आठ वर्षे पश्चिम पेनसिल्व्हेनियातली लाखो माणसे या चिंतेत होती की आपल्या कार्डावर आपला कर्करोगतज्ज्ञ आपल्याला उद्या तपासील का. राज्याच्या मध्यस्थीने तात्पुरता तह झाला, त्याची मुदत २०१९ च्या जूनअखेर संपत होती. त्या वर्षी ॲटर्नी जनरल जॉश शपीरो न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे होते की जी संस्था लोकांच्या देणग्यांतून आणि करमाफीतून उभी राहिली तिला शेजारचाच रुग्ण नाकारता येणार नाही. मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना दोघांनी दहा वर्षांचा करार केला.

या प्रकरणाने मला जास्त अस्वस्थ केले ते यासाठी की दोन्ही बाजूंच्या घटनेत समाजसेवा लिहिलेली होती. कुणाही भागधारकाच्या दडपणाखाली ते असे वागत नव्हते. मोठे व्हायचे, समोरच्याला नमवायचे, गंगाजळी वाढवायची, ही ओढ नफ्याशिवायही तितकीच जोरकस असू शकते. गंगाजळीवरून असाच वाद ब्लू शील्ड ऑफ कॅलिफोर्नियाबद्दल झाला. तिच्याकडे चार अब्ज डॉलरहून अधिक शिल्लक साठली होती, आणि २०१४ साली राज्याच्या करखात्याने तिची करमाफी रद्द केली. शिल्लक हवी हे खरे. साथ आली, महागडे औषध आले, तर दावे भागवायला पैसा लागतो. पण कायदा किमान शिल्लक किती ते सांगतो आणि कमाल किती ते बहुतेक ठिकाणी सांगत नाही. त्या मोकळ्या जागेत संचालक मंडळे आपल्या सावधपणाला सीमा घालत नाहीत. आणि ही मंडळे सभासद निवडून देत नाहीत, बहुतेक वेळा ती स्वतःच आपले उत्तराधिकारी नेमतात.

सभासदांच्या हाती कारभार देऊन पाहण्याचा प्रयत्न ओबामाकेअरमध्ये झाला. सरकारी विमा योजनेचा पर्याय राजकारणात टिकला नाही, तेव्हा तडजोड म्हणून सिनेटर केंट कॉनरॅड यांनी सहकारी विमा संस्थांची कल्पना पुढे केली. महाराष्ट्रातल्या वाचकाला ती परकी वाटणार नाही. सभासदांनी मंडळ निवडायचे, शिल्लक राहील ती हप्ता उतरवायला वापरायची. सुमारे २.४ अब्ज डॉलर कर्ज मिळून २०१४ साली तेवीस संस्था कामाला लागल्या. २०२१ साली तीनच उरल्या होत्या. अपयशाची कारणे त्यांच्या कारभारात होती तशी कायद्यातही होती. सरकारी कर्जातला पैसा जाहिरातीवर खर्च करायला मनाई होती. पाठीशी जुने दावे नाहीत, म्हणून दर अंदाजाने लावले आणि ते कमी पडले. रुग्णालयांकडे जाऊन सवलत मागायची तर पदरी सभासद नाहीत, म्हणून मोठ्या विमा कंपनीपेक्षा जास्त दर मोजावा लागला. सुरुवातीच्या वर्षांत मोठा तोटा झाला तर सरकार त्यातला काही भाग भरून देईल, असे कायद्यात वचन होते. काँग्रेसने ऐनवेळी पैसे अडवले आणि पहिल्या वर्षी देण्याच्या रकमेतले जेमतेम १२.६ टक्के मिळाले. आयोवा-नेब्रास्काची संस्था पहिल्याच फटक्यात बुडाली, न्यूयॉर्कची सर्वांत मोठी संस्था २०१५ साली बंद करावी लागली, लाखो सभासद उघडे पडले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने निकाल दिला की सरकारने शब्द पाळायला हवा होता. दावा जिंकणाऱ्यांत मेन राज्यातली सहकारी संस्था होती, जी अजून तग धरून आहे. बाकीच्या बहुतेकांसाठी निकाल फार उशिरा आला.

या सगळ्यात उपाय दिसतो तो देशातल्या सर्वांत लहान राज्यात. ऱ्होड आयलंडने २००४ साली आरोग्य विम्यासाठी स्वतंत्र आयुक्ताचे पद निर्माण केले, आणि ख्रिस्तोफर कोलर हे पहिले आयुक्त झाले. हप्त्यावर बंधन घालून उपयोग नाही, हप्ता ज्याने बनतो त्यावर बंधन घातले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. २०१० पासून त्यांनी विमा संस्थांना अट घातली: रुग्णालयांशी करार करताना दरवर्षीची दरवाढ ठरावीक मर्यादेपलीकडे कबूल करायची नाही, आणि प्राथमिक डॉक्टरांवरचा खर्च टप्प्याटप्प्याने वाढवायचा. ब्लू क्रॉसला याचे ओझे वाटण्याऐवजी आधार मिळाला. रुग्णालयाने जास्त मागितले तर ती सांगू शकत होती की आम्हाला परवानगीच नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की तिथल्या खासगी विमाधारकांवरचा खर्च तुलनेने खरोखर खाली आला. मेरीलँड याच्याही पुढे आहे. तिथे १९७० च्या दशकापासून रुग्णालयांचे दर राज्याचा आयोग ठरवतो, विमा कुणाचाही असो दर जवळपास एकच, आणि २०१४ पासून तर प्रत्येक रुग्णालयाचा वार्षिक अर्थसंकल्पच बांधून दिलेला आहे. केअरफर्स्ट विकू न देणारे राज्य हेच, हा मला योगायोग वाटत नाही.

जिथे असे झाकण नाही किंवा उशिरा आले तिथे प्रादेशिक ना-नफा विमा संस्था सध्या खोल पाण्यात आहेत. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांनी आणि रुग्णालयांच्या दरांनी मॅसॅच्युसेट्सच्या ब्लू क्रॉसला २०२४ साली कामकाजात सुमारे ४० कोटी डॉलरचा तोटा झाला. व्हरमाँटची ब्लू क्रॉस त्याहून कितीतरी लहान. तिने २०२३ मध्येच मिशिगनच्या मोठ्या ब्लू क्रॉसचा हात धरला होता, तरी पुढच्या वर्षी तोट्याने तिची शिल्लक धोक्याच्या पातळीला आणली. तिथे हप्ते मंजूर करणारे आणि रुग्णालयांचे अर्थसंकल्प तपासणारे ग्रीन माउंटन केअर बोर्ड २०११ पासून आहे. पण सर्व नागरिकांसाठी एकच सरकारी विमा आणण्याचा बेत गव्हर्नर पीटर शमलिन यांनी २०१४ च्या डिसेंबरात गुंडाळल्यावर बोर्डाने बरीच वर्षे रुग्णालयांबाबत हात सैल ठेवला. आता विमा संस्था बुडायच्या बेताला आल्यावर विधिमंडळाने २०२५ साली रुग्णालयांनी औषधांवर लावायच्या किमतीला मर्यादा घातली, आणि उपचारांचे दर मेडिकेअरच्या दरांशी बांधण्याचे अधिकार बोर्डाला दिले. राज्यातले मोठे रुग्णालय एकच आहे, आणि त्या राज्यापुरती विमा संस्थाही एकच. बोर्डाने ते अधिकार खरोखर वापरले, रुग्णालयाने कर्मचारी कपातीची भीती दाखवल्यावरही वापरले, तरच त्या संस्थेचा हप्ता पुढच्या काही वर्षांत कुठेतरी स्थिरावेल.